अक्षरं न येणारा टीव्ही

दिंद्रुडला बसथांब्यासमोर माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान अठ्ठावीस वर्षं चाललं. आता तो गाळा मोबाइलवाल्याकडे आहे आणि मी दुपारी समोरच्या लिंबाखाली बसतो. जुनी गिऱ्हाइकं भेटतात. मधे एकानं विचारलं, मिस्तरी, तुमच्याच्यानं दुरुस्त झाला न्हाई असा एखादा टीव्ही व्हता का? मी म्हटलं, लई व्हते. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात एकच आला, आणि तो बिघडलेलाच नव्हता.

ते दिवस बाजार नुकता खुला झाल्याचे होते. माजलगावच्या दुकानांत दर महिन्याला नव्या कंपनीचा संच दिसायचा. आमच्या गावात आधी पाच-सहा टीव्ही होते, तीन-चार वर्षांत गल्लोगल्ली झाले. प्रक्षेपणाचा मनोरा लांब, त्यामुळं पंचवीस फुटी लोखंडी पाइपावर अँटेना चढवायचा आणि वाऱ्यानं हलू नये म्हणून तीन बाजूंनी तारेनं ताणून बांधायचा. माझं निम्मं आयुष्य लोकांच्या माळवदावर गेलं. उरलेलं निम्मं टीव्हीच्या पाठीमागं.

या धंद्यात निम्मं निदान गिऱ्हाइकाच्या तोंडून होतं. ‘मुंग्या आल्या’ म्हणजे सिग्नल कमी, तार गंजली असणार. ‘चित्र पळायलंय’ म्हणजे मागचं एक बटण थोडं फिरवलं की काम झालं. ‘आवाज हाय, माणसं न्हाईत’ असं कुणी म्हटलं की मी त्याला आधी चहा पाजायचो, कारण पिक्चर ट्यूब गेलेली असायची आणि तिचा खर्च ऐकायला त्याला बळ लागणार असायचं. आणि ‘एका माणसाचे दोन दिसायलेत’ म्हणजे भूत. मनोऱ्यावरून निघालेली लहर सरळ अँटेनावर येते, आणि तीच लहर एखाद्या पाण्याच्या टाकीवर आपटून जराशी उशिरानंही येते. मग पडद्यावर माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट नक्कल उभी राहते. त्याला आम्ही मेकॅनिक लोक भूत म्हणायचो. अँटेनाचं तोंड फिरवलं की बहुतेक वेळा ते जातं.

त्या वर्षी दिवाळीनंतर रविवारी सकाळी एक नवी हिंदी मालिका सुरू झाली. चित्रांच्या पुस्तकांवरून केलेली. ही पुस्तकं बसस्थानकांवर मिळायची. पातळ, रंगीत, माणसांच्या तोंडाजवळ पांढरे फुगे आणि फुग्यांत त्यांचं बोलणं. मालिकेचा नायक पवनजीत, तो वाऱ्यावर चालायचा. मी पहिला भाग दुकानात पाहिला, म्हणजे हातात सोल्डरची कांडी आणि एक डोळा पडद्यावर, असा. एक माणूस डोंगराच्या कड्यावरून हवेत चालत गेला. मग तोच माणूस एका गुहेत बसून हसत होता. एक म्हातारी रडली. काहीतरी पेटलं. मग तोच माणूस पुन्हा, आणि समोर परत तोच. जाहिरात आली आणि भाग संपला. मला काही थांगपत्ता लागला नाही, पण मी पाहायला बसलोच नव्हतो, म्हणून वाटलं, आपलंच लक्ष नव्हतं.

सोमवारी गंगाधररावांचा निरोप आला. गंगाधरराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, पंचायत समितीवर निवडून आलेले. त्यांच्या घरी टीव्हीसमोर पंधरा-वीस माणसं सहज असायची. त्यांचं म्हणणं, पवनजीत दोन-दोन दिसतो. मी चढलो माळवदावर, अँटेना फिरवला, खाली उतरलो. बातम्यांत बाई एकच दिसत होती. मी म्हटलं, झालं. पुढच्या सोमवारी पुन्हा निरोप. या वेळी मी वरून खालपर्यंत नवी तार टाकली. तिसऱ्या सोमवारी पाइपच दहा हात सरकवला. तेवढ्यात आणखी दोन घरांतून हीच तक्रार आली आणि मी खरोखर चक्रावलो. कारण भूत बाकी कोणत्याही कार्यक्रमात नव्हतं. फक्त रविवारी, फक्त त्या अर्ध्या तासात, फक्त त्या एकाच माणसाला. अशी लहर मी शिकलो नव्हतो. जुनी वही काढून वाचली, औरंगाबादला ज्यांच्याकडे शिकलो त्यांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं नाही; बहुतेक त्यांना वाटलं असेल, याला उन्हाचा त्रास झाला.

याच धांदलीत मन्मथअप्पा दुकानात आले.

मन्मथअप्पांचं किराणा दुकान माझ्यापासून चार घरं सोडून. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, स्वभाव गरीब. दहा वर्षांचे असताना मोठा ताप आला आणि कानानं ऐकू येणं कायमचं बंद झालं. तोवर शाळेत लिहायला-वाचायला शिकलेले होते, बोलताही यायचं. फक्त आवाज एका पट्टीत, जरा मोठा यायचा. गिऱ्हाईक बोटांनी मापं दाखवायचं, नाहीतर काउंटरवरच्या पाटीवर लिहायचं. वीस-पंचवीस वर्षं असंच दुकान चाललेलं, कधी मापात चूक नाही.

पुड्या बांधायला त्यांच्याकडे परळीहून रद्दीचे गठ्ठे यायचे, आणि त्या गठ्ठ्यांत ही चित्रांची पुस्तकं निघायची. अप्पा ती बाजूला काढायचे. साखर वर्तमानपत्रात बांधतील, पण चित्रांच्या पुस्तकाचं पान त्यांनी कधी फाडलं नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की वाचत बसायचे. मोठा माणूस असली पुस्तकं वाचतो म्हणून लोक हसायचे. मला मात्र त्यात हसण्यासारखं वाटलं नाही. त्या पुस्तकात जे जे कुणी बोलतं, ते सगळं अप्पांना कळायचं. बाहेर तसं कुठं होतं?

त्यांच्या घरी टीव्ही नव्हता आणि हवाही नव्हता. नुसती हलणारी तोंडं बघून काय करायचं, असं ते म्हणायचे. पण पवनजीतची मालिका येणार हे त्यांनी पेपरात वाचलं आणि माजलगावला जाऊन चौदा इंची काळा-पांढरा संच घेऊन आले. त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना, आनंदच झाला. अँटेना मीच बसवून दिला होता.

तर तो टीव्ही अप्पांनी सतरंजीत गुंडाळून, दोन्ही हातांत उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी लावून पाहिला. चित्र सुरेख, आवाज चांगला, भूतबीत काही नाही. मी हातानंच विचारलं, काय झालं? त्यांनी माझ्या बिलाच्या वहीचा कागद घेतला आणि लिहिलं: अक्षरं येत नाहीत.

मला उमजेना. कोणती अक्षरं? तेव्हा ते बोलले. पुस्तकात माणूस बोलला की शेजारी लिहिलेलं असतं, ही मालिका त्याच पुस्तकाची, मग इथं ते का दिसत नाही? सुरुवातीला नावं येतात, साबणाच्या जाहिरातीत अक्षरं येतात, बातम्यांत येतात, म्हणजे या टीव्हीला अक्षरं दाखवता येतात. मग नेमकं बोलणं तेवढं कुठं अडकतंय?

मी पंधरा वर्षं रेडिओ-टीव्ही उघडत होतो आणि इतका मुद्देसूद दोष कुणी सांगितला नव्हता. खुळेपणा म्हणावा तर एकही वाक्य चुकीचं नव्हतं. तीन भाग होऊन गेले होते, म्हणजे तीन रविवार हा माणूस फुगे येण्याची वाट बघत बसला होता, आणि शेवटी आपला संच खराब निघाला असं समजून माझ्याकडे आला होता. मी कागदावर लिहिलं: टीव्हीची चूक नाही.

त्यांनी वाचलं, आणि माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, “मंग कुणाची हाय?”

 मी लिहिलं: रविवारी मी तुमच्या घरी येतो. बोलणं लिहून दाखवतो.

हे लिहिताना सोपं वाटलं होतं. रविवारी अप्पांच्या घरी मी मांडीवर पाटी घेऊन बसलो, शेजारी अप्पा, पलीकडे सुमनवहिनी, दाराशी शेजारपाजारचे दोघंतिघं. वहिनींना ऐकू यायचं, पण लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून हे काम त्यांच्याकडून व्हायचं नव्हतं. मालिका सुरू झाली. हिंदी आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना अवघड नाही, निम्मी बोली तिचीच आहे. पण ही हिंदी निराळीच होती, पोथीतली. मी एक वाक्य लिहून पाटी अप्पांकडे वळवेपर्यंत पडद्यावर चार वाक्यं होऊन जायची. मी कुणाचं बोलणं लिहिलं तेही त्यांना कळायचं नाही. ते बोटानं विचारायचे, हा बोलला की तो? आणि मला तेच तर सांगता येत नव्हतं, कारण दोघंही एकच दिसत होते.

मी पाटीवर लिहिलं: पवनजीत.

अप्पांनी मान हलवली. पडद्यावरच्या माणसाकडे बोट करून म्हणाले, “ह्यो पवनजीत न्हाई. ह्यो त्याचा भाऊ, अगनजीत.”

मग त्यांनी मालिका तशीच चालू ठेवून मला समजावलं. दोघं जुळे भाऊ. चेहरा एक. पुस्तकात पवनजीतचे कपडे हिरवे आणि अगनजीतचे लाल, त्यामुळं घोटाळा होत नाही. गावातले सगळे टीव्ही काळे-पांढरे, त्यांच्यावर हिरवा आणि लाल दोन्ही राखाडीच. पण नीट बघा, एकजण बोलताना हात मागं बांधतो, दुसरा बोटातली अंगठी फिरवत राहतो. अप्पांना हे पहिल्याच रविवारी दिसलं होतं. अख्ख्या दिंद्रुडात त्या मालिकेतली माणसं ओळखू येणारा तो एकच माणूस होता, आणि त्याला त्यातला एक शब्दही ऐकू येत नव्हता.

मला माझी तीन घरची माळवदं आठवली. नवी तार, सरकवलेला पाइप. दुपारी सरळ गंगाधररावांकडे गेलो आणि सांगून टाकलं की तुमचा अँटेना पहिल्या दिवसापासून ठीक होता, ते भूत नसून दोन भाऊ आहेत.  ते म्हणाले, “मंग तुमी तीन डाव आमच्या माळवदावर कशापायी चढलात?”  त्यांनी ते पुढं वर्षभर प्रत्येक बैठकीत सांगितलं. पण झालं काय, की सोमवारी सकाळी लोक किराण्याच्या निमित्तानं अप्पांच्या दुकानात येऊ लागले. कालचा तो कोण होता, म्हातारी कुणाची, असं पाटीवर लिहून विचारायचे आणि अप्पा हरभऱ्याची डाळ मोजता मोजता सांगायचे. एरवी त्यांच्याशी कुणी किलो आणि पाव किलोपलीकडे काही बोलत नसे. त्या महिन्या-दीड महिन्यात त्यांचा चेहरा मी निराळाच पाहिला.

मी दर रविवारी जातच होतो. हळूहळू आमचा जम बसला. ते बोटानं कोण ते सांगायचे, मी काय ते लिहायचो. पण खरं सांगतो, निम्म्याहून जास्त माझ्या हातून निसटायचं. कधी शब्द कळायचे नाहीत, कधी मधेच लाइट जायची आणि आली की कथा दुसऱ्याच डोंगरावर. पाटी कोरी दिसली की अप्पा माझ्याकडे बघायचे. त्या बघण्याला मी भ्यायलो. मग मी जागा भरायला लागलो. कुणी रागात दिसलं तर ‘तुला सोडणार नाही’, कुणी रडलं तर ‘देवा, वाचव’. एवढ्यानं काय बिघडतंय, असं वाटायचं. चित्रं पुढं सरकत होती आणि पाटी कोरी राहत नव्हती.

एका रविवारी ती म्हातारी, म्हणजे दोघा भावांची आई, दारात उभी होती. समोर अगनजीत. पुस्तकात हा प्रसंगच नव्हता, म्हणून अप्पा पुढं सरकून बसले. म्हातारी बोलायला लागली आणि नेमकं त्याच वेळी बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, इंजिन चालूच. ती बरंच बोलली. मला काहीच ऐकू आलं नाही. तिचे डोळे भरले होते, हात वर झाला होता. अप्पांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी लिहिलं: जा, मी तुला माफ केलं.

अप्पांनी पाटी वाचली आणि माझ्या हातातून काढून घेतली. उरलेला भाग त्यांनी पाहिला नाही, पाटीच बघत बसले.

सोमवारी, मंगळवारी त्यांनी दुकानात प्रत्येकाला सांगितलं की आईनं त्याला माफ केलं. लोकांनी मालिका ऐकली होती. कुणी हसलं, कुणी पाटीवर लिहिलं की तसं काही नव्हतं, आई तर म्हणाली, तू माझा कुणी नाहीस, आणि दार लावलं. अप्पांचा विश्वास बसेना. घरी जाऊन त्यांनी वहिनींना विचारलं. वहिनी ट्रॅक्टरपासून लांब, टीव्हीला खेटून बसलेल्या होत्या, त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी हातानं दार लावून दाखवलं.

अप्पा बुधवारी दुपारी माझ्याकडे आले. एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. मग उठून माझ्यासमोर आले. मी कागद पुढं केला, तो त्यांनी बाजूला सारला. मला वाटलं, भांडतील. ते भांडले नाहीत.

त्यांनी त्यांच्या आईचं सांगितलं. अप्पा वीस-बावीस वर्षांचे असताना आई आजारी पडली आणि गेली. जायच्या आधी तिनं त्यांना जवळ बसवून घेतलं, हात धरला आणि बोलत राहिली. खाटेशेजारी भाऊ होता. अप्पांना ओठांवरून दोन-चार शब्दांपलीकडे कळलं नाही. नंतर त्यांनी भावाला विचारलं, आई काय म्हणाली? भावानं कागदावर लिहून दिलं, सांभाळून राहा.

“ती लई वेळ बोलली, मिस्तरी,” अप्पा म्हणाले. “अन् त्यानं दोनच शब्द लिवले.”

भाऊ वाईट नव्हता, ते म्हणाले. त्याला रडू येत असेल, नीट ऐकलं नसेल, नाहीतर आठवलं नसेल. पण त्यानं तसं सांगितलं नाही. म्हणून इतकी वर्षं त्यांना हे कळलेलं नाही की आई तेवढंच बोलली, की आणखी काही बोलली, की ते दोन शब्दही भावाच्याच मनचे होते.

मी मान खाली घालून बसलो होतो. त्यांनी माझ्या खांद्याला हात लावून वर बघायला लावलं, म्हणजे मी त्यांच्याकडे बघूनच ऐकावं.

“तुमाला ऐकू न्हाई आलं, तर तसं लिवा. मला बी ऐकू येत न्हाई. त्यात लाज कसली?”

धंद्यात माझ्याकडून बऱ्याच चुका झाल्या. एकदा उलटी जोडणी करून नवा कोरा संच जाळला, त्याची भरपाई करता आली. या चुकीची कशी करायची ते मला समजेना. रविवारी जावं की नाही याचाही निर्णय होईना. सकाळी वहिनींनीच निरोप पाठवला की अप्पांनी पाटी पुसून ठेवलीय.

गेलो. त्या दिवसापासून पाटीवर सगळ्यात जास्त वेळा काय लिहिलं असेल, तर ‘ऐकू आलं नाही’ आणि ‘ऐकू आलं पण कळलं नाही’. अप्पा वाचायचे, मान हलवायचे आणि पुन्हा पडद्याकडे बघायचे. मालिकाही दिवसेंदिवस आणखी गोंधळात टाकणारी होत चालली होती. पुस्तकातली कथा त्यांनी केव्हाच सोडून दिली होती, त्यामुळं आता अप्पांनाही पुढचं माहीत नसायचं. मेलेला एक साधू परत आला. म्हातारी तरुण झाली. सोमवारी दुकानात लोकांनी विचारलं तर अप्पाही सांगू लागले, मला बी कळलं न्हाई. तरी लोक यायचे. गंगाधरराव स्वतः एकदा येऊन गेले.

मग एक दिवस कळलं की मालिका बंद होतेय. कारण कुणी सांगितलं नाही. शेवटच्या भागाला लाइट गेली नाही, रस्त्यावर काही आलं नाही. मी पाटीच्या जोडीला एक वही घेतली होती. शेवटी अगनजीत आईच्या दारात परत आला, मागोमाग पवनजीतही. म्हातारी दार उघडून बोलली, सावकाश, एकेक शब्द सुटा. आयुष्यात पहिल्यांदा मला त्या मालिकेतलं सगळं बोलणं ऐकू आलं. मी जसंच्या तसं उतरवलं, चार ओळी झाल्या: छाया देहापासून फुटते की देह छायेपासून, जो गेला तो आला नाही, जो आला तो गेला नव्हता, असं काहीतरी, आणि तेही त्या पोथीतल्या हिंदीत. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. नावं वर सरकायला लागली. दोघांपैकी घरात कोण गेला आणि बाहेर कोण राहिला हेही शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही. वहिनी म्हणाल्या, संपलं का?

मी वही अप्पांपुढं ठेवली. त्यांनी त्या चार ओळी बोट फिरवत दोनदा वाचल्या. मला वाटलं, आता विचारणार. म्हणून मी आधीच खाली लिहून टाकलं: हे सगळं तिचंच आहे. मी काही घातलेलं नाही.

“ते कळलं मला,” अप्पा म्हणाले.

मी लिहिलं: कशावरून?

त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे बघून हसले.

“तुमच्या मनचं आसतं,” ते म्हणाले, “तर मला त्याचा अर्थ लागला आसता.”